तांबूचा गुरुवारचा चारा

उन्हाळ्यात दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "डॉक्टर, मुंबईत गायीम्हशींचा डॉक्टर म्हणजे वाचकांना गंमत वाटेल. चारदोन मजेदार किस्से लिहा." मी हो म्हणालो. आता श्रावण चालू आहे, आणि कागदावर अजून एकच गाय उभी आहे. ती मजेदार नाही. तरी संपादकबाईंना शब्द दिला आहे, म्हणून आधी मजेदार ते सांगतो.

गोरेगावच्या टॉवरमध्ये एका कुटुंबाला नव्या घरात पहिलं पाऊल गायीचं हवं होतं. घर बरंच वर होतं. सामान चढवायच्या लिफ्टपर्यंत गाय शहाण्यासारखी गेली आणि दारात अडून बसली. घरमालकांनी मला बोलावलं. "डॉक्टर, एक छोटंसं भुलीचं इंजेक्शन द्या ना."

"दिलं असतं," मी म्हणालो, "पण ती लिफ्टमध्येच झोपली तर सगळ्या बिल्डिंगला जिना चढावा लागेल."

लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा होता. त्यात दुसरी गाय उभी होती, आणि आमच्या गायीला त्या अनोळखी बाईबरोबर कोंडून घ्यायचं नव्हतं. आरशावर पंचा टांगला तशी ती आत गेली. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत जास्त टाळ्या मिळालेला उपचार तोच.

दुसरा किस्सा दरवर्षीचा आहे. पितृपक्षात लोक गायीला गोग्रास घालतात. भात, खीर, वडे, पुरणपोळी. देवळाजवळच्या एकेका गायीपुढे सकाळभर पानांची रांग लागते. गायीचं पोट गवतासाठी बनलेलं आहे. एवढा भात आत गेला की तो आंबतो, पोट फुगतं, गाय दात खात उभी राहते. पूर्वज तृप्त होतात आणि मला फोन येतो. नलिनी, माझी बायको, म्हणायची, "तुझा धंदा पितरांच्या आशीर्वादावर चाललाय."

नलिनी वाकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. गेल्या वर्षी वैशाखात ती गेली. या लेखातली गाय तिच्याशिवाय सांगता येत नाही, हे लिहायला बसल्यावर कळलं.

आता थोडं शास्त्र. ते समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

जनावरांच्या यकृतात एक चपटा कृमी होतो. आकार लांबट पानासारखा, रंग मातकट. इंग्रजी नाव लिव्हर फ्लूक, आमच्या मराठी पुस्तकांत त्याला पर्णकृमी म्हणतात. याची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण कोरड्या जागी पडलं तर गोष्ट तिथेच संपते. ते नाल्यात, डबक्यात गेलं तर अंड्यातून एक बारीक जीव निघतो आणि पाण्यातली एक विशिष्ट शंखाची गोगलगाय शोधतो. काही तासांत ती सापडली नाही तर मरतो. सापडली तर तिच्या पोटात एकाचे शेकडो होतात. ते शेपूट हलवत बाहेर पडतात, पाण्याकाठच्या गवताच्या पात्यावर चढतात, शेपूट टाकून देतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. खसखशीच्या दाण्याहून बारीक. पातं हिरवंगार दिसतं. गाय ते खाते.

मग ते पिल्लू आतड्याची भिंत फोडतं, यकृतात घुसतं आणि ते पोखरत पित्तनळीकडे निघतं. या प्रवासाला तीनेक महिने लागतात, आणि तेवढा काळ शेणात एकही अंडं येत नाही. जनावर आतून खंगत असतं आणि माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं साफ दिसतं. पुढे रक्त कमी होतं, पापणीची आतली बाजू पांढरी पडते, दूध घटतं. शेवटी जबड्याखाली पाणी साचून मऊ पिशवी लोंबते. ती पिशवी दिसली की घरातले लोक डॉक्टरला बोलावतात. खरं तर तेव्हा उशीर झालेला असतो.

शेण तपासायची रीत सोपी आहे. थोडं शेण पाण्यात कालवायचं, गाळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. पुन्हा पाणी, पुन्हा निवळणं. अंडी जड असतात, तळाला बसतात. शेवटच्या गाळातला थेंब काचेवर घेऊन त्यात निळा रंग घालायचा. निळ्यात पिवळं, जवळजवळ सोनेरी अंडं दिसलं तर हाच तो. पोटातल्या दुसऱ्या एका कृमीचं अंडं आकाराने अगदी तसंच, पण बिनरंगी असतं. नवखे डॉक्टर त्यात फसतात. मीही फसलो आहे.

हे सगळं मी घरी, स्वयंपाकघराच्या बाल्कनीत करायचो. त्यासाठी चहाच्या गाळणीसारखीच गाळणी वापरायचो. नलिनीने चहाच्या गाळणीच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. "लाल दोरा माझा, बिनदोऱ्याची तुझी. चुकलास तर घटस्फोट." तो दोरा अजून आहे.

औषधं आहेत, चांगली आहेत. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ऑक्सिक्लोझॅनाइड पाजलं तर पित्तनळीतले मोठे कृमी मरतात. यकृत पोखरणाऱ्या पिल्लांना त्याचं फारसं काही वाटत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल लहान-मोठ्या दोघांनाही मारतं, पण ते दुधात उतरतं, म्हणून दुभत्या गायीला देता येत नाही. मात्रा वजनावर ठरते. नजरेने वजन करणारे डॉक्टर नेहमी कमी औषध देतात, म्हणून मी छातीचा घेर टेपने मोजतो. आणि कोणतंही औषध निम्मंच काम करतं. उरलेलं निम्मं चाऱ्याने करायचं असतं. पाण्याकाठचं ओलं गवत बंद केलं नाही, तर तुम्ही एका दाराने पाहुणे हाकलता आणि ते दुसऱ्या दाराने येतात.

तांबू ही गुलाबबाईंची गाय. दिंडोशीच्या चढावर एक देऊळ आहे, त्याच्या कुंपणाला लागून ती बांधलेली असते. गुलाबबाई मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने गाय आणली, नवरा गेल्यावर गुलाबबाई गायीशेजारी बसायला लागल्या. मुंबईत बऱ्याच देवळांपाशी हा प्रकार आहे. बाई गाय घेऊन बसते, शेजारी चाऱ्याच्या पेंड्या. येणारा-जाणारा एक पेंडी विकत घेतो, गायीला घालतो, तिच्या पाठीवरून हात फिरवतो आणि ऑफिसला जातो. पुण्य मिळतं, गाय जगते, बाई जगते. माझ्या मते व्यवस्था वाईट नाही. फक्त ती पेंडी हिरवी लागते, आणि भर उन्हाळ्यात मुंबईत हिरवं गवत फक्त नाल्याकाठी उगवतं.

तांबूच्या जबड्याखाली पिशवी लोंबली तेव्हा गुलाबबाईंनी तिला हळद लावली होती.

"डाक्टरानू, हिका काय तरी चावला."

मी पापणी उलटून पाहिली, शेण घरी नेलं. काचेवर सोनेरी अंडी इतकी होती की मोजायची गरज नव्हती. तांबू दूध देत होती, म्हणून ऑक्सिक्लोझॅनाइड पाजलं आणि हिरवा चारा बंद केला. गुलाबबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांचा चेहरा पडला.

"सुको कडबो कोण घेतलो, डाक्टरानू? लोकांका गायीक हिरवा घालूचा असता. कडबो बघून म्हणतले, म्हातारी कचरा विकता."

तरी त्यांनी केलं. पेंड्या कडब्याच्या झाल्या. इतकंच नव्हे, बाहेरून कोणी हिरवं घेऊन आलं तर त्याला परतवायलाही लागल्या. एकदा मी टेप गुंडाळत होतो तेव्हा सकाळी फिरायला निघालेले एक गृहस्थ पिशवी घेऊन आले.

"मावशी, पालक आहे. ऑरगॅनिक."

"नको. डाक्टरांनी बंद केल्यानी."

"कुठला डॉक्टर? पालकाने कधी कुणाला काय झालंय?"

"मीच तो," मी म्हणालो. "पालक चांगलाच असेल, पण एकाला हो म्हटलं की सगळेच आणतात."

"काय राव साहेब, देवाची गाय आहे. देवाच्या गायीला कसलं डाएट?"

गुलाबबाई उठून उभ्या राहिल्या. "देवाची आसा म्हणान आत्ताच देवाकडे धाडूची काय?"

गृहस्थ पालक घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कडबा विकत घ्यायला लागले, आणि इतरांना गोगलगायीची गोष्ट सांगायला लागले. गोष्टीत गोगलगाय रोज थोडी मोठी होत गेली.

तांबू सुधारली. काही महिन्यांनी पिशवी पुन्हा आली. शेणात अंडी पुन्हा. मी पुन्हा औषध दिलं, पुन्हा सुधारणा, आणि पुन्हा घसरण. मला काही समजेना. कडबा मी स्वतः तपासला. पाणी नळाचं होतं. शेण गुलाबबाई गोळा करून खताला देत होत्या. दार बंद होतं आणि पाहुणे येतच होते. मी गुलाबबाईंवर चिडलो.

"खरं सांगा, कोणाकडून हिरवं घेता का?"

त्यांनी तांबूच्या शिंगावर हात ठेवला. "हिची शपथ. तुमी नको म्हटलास, मी कोणाक घालूक दिला नाय."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला तेव्हाही वाटलं होतं. म्हणूनच जास्त गोंधळलो.

याच काळात नलिनी आजारी होती. आजाराचं नाव लिहून उपयोग नाही. दर बुधवारी तिचे रिपोर्ट घ्यायला मी इस्पितळात जायचो, डॉक्टरांशी बोलायचो आणि परत येताना वाटेत दिंडोशीच्या चढावर थांबायचो. तांबूला बघायचं निमित्त होतं. तसं तिला दर आठवड्याला बघायची गरज नव्हती. पण घरी जाऊन नलिनीला काय सांगायचं हे ठरेपर्यंत कुठेतरी उभं राहावं लागे. मी मुळात कमी बोलतो. घरी तर पुस्तकात तोंड घालून बसणारा माणूस. पण गायीच्या पोटावर हात ठेवून, तिच्या पोटाची घरघर मोजताना, मला बोलता येई. गुलाबबाई कडबा सोडत ऐकत राहत. काय बोललो ते आता नेमकं आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळंच बोललो असणार. मग घरी जायचो आणि नलिनीला म्हणायचो, "रिपोर्ट मागच्यासारखाच आहे. डॉक्टर समाधानी आहेत."

"बरं," ती म्हणायची. "चहा टाकू?"

होळी झाली आणि तिचं बाहेर जाणं थांबलं. तेव्हाच कधीतरी तांबूचं दूध आटलं, ती गाभण होती. दूध नाही म्हणजे औषध बदलायला मोकळीक मिळाली. यावेळी मी ट्रायक्लाबेंडाझोल दिलं. वैशाखात नलिनी गेली. नंतर बराच काळ मी कामावर गेलो नाही. केव्हातरी दिंडोशीला गेलो तर तांबूला पाडी झाली होती आणि जबड्याखाली काहीही नव्हतं.

यंदा वैशाखात नलिनीचं वर्षश्राद्ध झालं. माझा या गोष्टींवर विश्वास किती, हे मला सांगता येणार नाही. नलिनीचा नव्हता, असं मी धरून चाललो होतो. आमची मुलगी केतकी बंगळुरूहून आली होती. तिने केळीच्या पानावर थोडं थोडं सगळं वाढून दिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच न्या. तुम्हाला माहीत आहे किती घालायचं ते." म्हणजे भात कमी.

पान घेऊन मी तांबूकडे गेलो. गुरुवार होता. गुलाबबाईंनी पान बघितलं, मग त्यातला भात स्वतःच अर्धा काढून ठेवला. मी शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या. तांबूने जिभेने पान पुसून घेतलं. मग गुलाबबाईंनी कुंपणामागून एक हिरवी पेंडी काढली. ओली, पाणी निथळणारी.

"हे काय?" मी विचारलं.

"वयनींच्या नावान. आज वरीस झाला ना? आजपासून दर गुरवारी घालणार. तिच्या हातान तांबू वाचली, मी ह्या विसरूचय नाय."

"कुणाच्या हातानं?"

गुलाबबाईंनी पेंडी खाली ठेवली. "तुमका ठाऊक नाय? वयनी दर गुरवारी येत होत्या. वरीसभर. रिक्शातून उतरायच्या, पेंडी घेऊन."

मी म्हणालो, "नलिनी गुरुवार करत नव्हती."

"गुरवार कसलो? तुमी बुधवारी येऊन जायचास, म्हणान ती गुरवारी."

गुलाबबाईंनी सांगितलं ते असं. पहिल्या खेपेला नलिनी मोकळ्या हाताने आली, बुधवारी मला घरी यायला उशीर का होतो ते विचारायला. पण गायीसमोर मोकळ्या हाताने किती वेळ उभं राहायचं? लोक रांगेत असतात. पुढच्या गुरुवारी ती वाकोल्याच्या गवतवाल्याकडून पेंडी घेऊन आली. गुलाबबाई म्हणाल्या, हिरवं डॉक्टरांनी बंद केलंय. त्यावर नलिनी म्हणाली, "ठाऊक आहे. पात्यावर बारीक कवचं असतात. मी मिठाच्या पाण्यात धुऊन आणते, आपण पालेभाजी धुतो तशी." आणि तेव्हापासून खरोखर धुऊन आणायला लागली. खारट लागतं म्हणून तांबू चवीने खायची.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमका काय सांगूचा? डाक्टराची बायको घालता, ती डाक्टराक इचारल्याशिवाय घालतली?"

त्या शपथ घेऊन खोटं बोलल्या नव्हत्या. नलिनी त्यांच्या हिशेबात 'कोणी' नव्हतीच. ती माझ्याच बाजूची होती.

आमच्या बाल्कनीतल्या सांडपाण्याच्या जाळीत गवताची पाती अडकलेली मी तेव्हा पाहिली होती. माझ्याच बुटांबरोबर आली असतील म्हणून केरात टाकली होती. डॉक्टरच्या घरात गवताची काडी दिसली तर कोण विचार करतो?

"आणि यायची कशाला?" मी विचारलं. "नवस वगैरे काही?"

"नवस नाय. तांबूक कुरवाळायची आणि माका इचारायची, 'काल डॉक्टर आले होते का? काय म्हणाले?' मी सांगायची."

"काय सांगायचात?"

"तुमी बोललास ता सगळा. नवरा-बायकोत काय लपवूचा?"

बुधवारी मी गायीजवळ जे ठेवून जात होतो, ते गुरुवारी नलिनी घेऊन जात होती. आणि बुधवारी संध्याकाळी मी "डॉक्टर समाधानी आहेत" म्हणायचो तेव्हा ती "बरं" म्हणून चहा टाकायची. पहिल्या एखाद्या बुधवारी तिला ते खरं वाटलं असेल. नंतर तिने माझ्या समाधानासाठी तसं दाखवलं असेल का? मला ठरवता येत नाही. मी आयुष्यभर न बोलणाऱ्या जनावरांचं दुखणं ओळखण्याचं काम केलं.

गुलाबबाई पेंडी सोडायला लागल्या. तांबूने मान पुढे केली.

"थांबा," मी म्हणालो. "आज नको. आधी शेण तपासतो, मग सांगतो."

हे म्हणताना मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, ते गवत नाल्याकाठचं होतं आणि मिठाच्या पाण्याने ती कवचं सुटत नाहीत. ती पात्याला घट्ट चिकटलेली असतात, एवढ्याने मरायचीही नाहीत. दोन, तांबू पुन्हा गाभण होती. हा चारा सुरू झाला तर काही महिन्यांत पिशवी पुन्हा लोंबू शकते, आणि गाभणपणात ते तिला झेपेलच असं नाही. गाय गेली तर गुलाबबाईंना त्या कुंपणाशी बसायला कारण उरत नाही. आणि खरं सांगितलं तर? तांबूला वाचवणारा हात म्हणून ज्या हाताची त्या आठवण ठेवतात, त्याच हाताने कदाचित रोग घातला, असं मी त्यांना सांगायचं.

कदाचित. सगळी अडचण या शब्दात आहे. शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नलिनी हे आठवीच्या मुलांना शिकवायची: दोन कुंड्या, दोन्हींना पाणी, एकीलाच ऊन. तांबूच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम बदलल्या. नलिनीची पेंडी थांबली आणि मी औषध बदललं. आधीच्या खेपांना पिल्लं यकृतातच जिवंत राहून नंतर मोठी झाली असतील, तर दोष माझ्या औषधाचा, गवताचा नाही. गवतातून नवी येत होती, तर दोष गवताचा. दोन्ही थोडंथोडं असेल. आता ते वेगळं करता येत नाही.

एकच मार्ग होता. वर्षभर तांबूने नलिनीचं गवत खाल्लं नव्हतं. तरीही शेणात अंडी सापडली, तर रोग दुसरीकडून येतो हे सिद्ध होईल. पाण्यातून, कडब्यातून, कुठूनही. नलिनी सुटेल.

शेण घरी आणलं. केतकी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. बाल्कनीत बसून कालवलं, बिनदोऱ्याच्या गाळणीने गाळलं, निवळू दिलं. पहिली काच साफ. दुसरी साफ. साधारणपणे मी इथे थांबतो. त्या दिवशी थांबलो नाही. गाळ संपेपर्यंत काचा केल्या, मग उरलेलं शेण पुन्हा कालवलं. एका काचेवर अंडं दिसलं. पण ते बिनरंगी होतं, त्या दुसऱ्या निरुपद्रवी कृमीचं. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो, ते पिवळं होईल म्हणून. तसं होत नसतं.

इतकी वर्षं मी ते सोनेरी अंडं दिसू नये म्हणून काचेवर वाकलो. त्या दिवशी दिसावं म्हणून वाकलो होतो. म्हणजे गाभण गाय आजारी निघावी अशी माझी इच्छा होती. हे डॉक्टरने लिहू नये. पण लिहिल्याशिवाय हा लेख पूर्ण होत नाही.

शेण साफ होतं.

पुढच्या गुरुवारी दिंडोशीला गेलो. गुलाबबाईंनी लांबूनच हात केला. "काय निघाला?"

"साफ आहे. तांबू ठणठणीत."

त्यांनी देवळाच्या कळसाकडे हात जोडले. "मगे आता वयनींच्या नावान हिरवा घालूक हरकत नाय?"

"नको, गुलाबबाई."

"कित्याक?"

मी वाटेत उत्तर तयार केलं होतं. त्यात नाला, गोगलगाय, कवचं आणि दोन कुंड्या सगळं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"कारण त्या गवतानं तांबू आजारी पडत होती का, हे मला ठाऊक नाही. पडत असेल. नसेल. मिठानं ती कवचं जात नाहीत. नलिनीला वाटलं जातात."

पाडीने गुलाबबाईंच्या पदराचं टोक तोंडात घेतलं ते त्यांनी सोडवलं. मग म्हणाल्या, "वयनीक कळला असता तर तिना घातला नसता."

"नाही."

"मगे आपणय घालूचा नाय." आणि कडब्याची एक पेंडी माझ्या हातात दिली. "ह्या घाला. मोकळ्या हातान उभे रव नकोत. लोक बघतत."

आता मी निवृत्त आहे. बुधवारी कुठे जायचं नसतं. गुरुवारी जातो. तिथल्या नेहमीच्या लोकांना वाटतं डॉक्टर गुरुवार करायला लागले, आणि पालकवाले गृहस्थ मला नमस्कार करतात. मी कडबा सोडतो, तांबूच्या पोटावर हात ठेवतो आणि विचारतो, "गुलाबबाई, त्या वेळी ती काय म्हणाली होती?"

गुलाबबाई सांगतात. कधी सांगतात ती हसली, कधी सांगतात रडली, आणि तो गुरुवार एकच असतो. मी दुरुस्त करत नाही. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, एकदा रिपोर्ट फार वाईट आला होता, तेव्हा नलिनी ऐकून घेऊन म्हणाली, "हे ते मला कधीच सांगणार नाहीत. आज त्यांना लवकर चहा द्यायला हवा."

तांबू कडबा सावकाश खाते. सुका असल्याने तो चावताना मोठा आवाज होतो, आणि पुढचं ऐकायला मला जरा जवळ जाऊन उभं राहावं लागतं.